परवानाधारक शस्त्र आणि दारूगोळा यांची वाहनातून वाहतूक : कायदा, सुरक्षितता आणि शैक्षणिक परिसर

सारांश

शस्त्राचा परवाना मिळाला म्हणजे ते शस्त्र वाटेल तेथे, वाटेल तसे नेण्याचा अधिकार मिळाला, असा समज परवानाधारकांमध्ये आणि त्यांच्या आप्तांमध्ये सर्रास आढळतो. वस्तुतः शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनी शस्त्र बाळगणे आणि शस्त्र घेऊन प्रवास करणे या दोन्ही गोष्टींवर स्वतंत्र बंधने घातली आहेत. प्रस्तुत लेखात खाजगी वाहनातून शस्त्र व काडतुसे नेताना लागू होणाऱ्या तरतुदी, वाहनातील ताब्याची संकल्पना, सुरक्षित हाताळणीची तांत्रिक कारणे, मार्गातील निर्बंध आणि महाविद्यालयीन परिसराचे विशेष स्थान यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : शस्त्र परवाना, दारूगोळा, जाणीवपूर्वक ताबा, वाहनाची झडती, अभयारण्य, शैक्षणिक परिसर.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रात परवान्याची शस्त्रे बाळगणारा वर्ग एकजिनसी नाही. कोकणात रानडुकरे व माकडे यांच्यापासून पिकाचे रक्षण करण्यासाठी ठासणीची अथवा काडतुसी बंदूक बाळगणारा शेतकरी, शहरात आत्मसंरक्षणासाठी पिस्तूल घेणारा व्यावसायिक, बँकेच्या रोख रकमेबरोबर जाणारा सुरक्षारक्षक, निवृत्त सैनिक, नेमबाजीच्या स्पर्धेला निघालेला खेळाडू असे अनेक घटक त्यात येतात. या सर्वांना एक गोष्ट समान आहे. शस्त्र कायमचे कपाटात राहत नाही. परवान्याचे नूतनीकरण, दुरुस्ती, सराव, स्थलांतर, निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा करणे अशा निमित्तांनी ते घराबाहेर पडते आणि बहुतेक वेळा वाहनातूनच जाते.

नेमक्या याच टप्प्यावर प्रामाणिक परवानाधारकाकडून कायद्याचा भंग होण्याची शक्यता सर्वाधिक असते. घरात कुलूपबंद असलेल्या बंदुकीविषयी प्रश्न उपस्थित होत नाही. तीच बंदूक मोटारीच्या मागच्या आसनावर उघडी पडलेली दिसली की तो होतो. हा विषय महाविद्यालयीन अध्यापकांच्याही कक्षेत येतो, कारण कायद्याने शैक्षणिक परिसराचा स्पष्ट उल्लेख केला आहे आणि महाविद्यालयाच्या वाहनतळावर उभ्या असलेल्या मोटारीत काय आहे, हा प्रश्न केव्हाही उद्भवू शकतो.

२. कायद्याची चौकट

ब्रिटिश राजवटीतील १८७८ चा शस्त्र कायदा रद्द करून स्वतंत्र भारताने १९५९ चा शस्त्र अधिनियम केला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याखालील १९६२ च्या नियमांची जागा २०१६ च्या शस्त्र नियमांनी घेतली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची सर्वसाधारण मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली आणि अनेक शिक्षा वाढविल्या.

अधिनियमाच्या कलम ३ मध्ये तीन क्रिया एकत्र गुंफल्या आहेत : संपादन करणे, ताब्यात ठेवणे आणि जवळ घेऊन जाणे. यांपैकी कोणत्याही क्रियेसाठी परवाना आवश्यक आहे. येथे ‘अग्निशस्त्र’ या शब्दाइतकेच महत्त्व ‘दारूगोळा’ या शब्दाला आहे. बंदूक घरी आणि काडतुसे मोटारीत अशी स्थिती असली, तरी काडतुसांपुरती कायद्याची सर्व बंधने लागू राहतात.

व्यक्तीने स्वतःचे शस्त्र सोबत नेणे आणि शस्त्रे माल म्हणून पाठविणे यांतही भेद करावा लागतो. पहिली क्रिया वैयक्तिक परवान्याच्या मर्यादेत येते. दुसरीसाठी कलम १२ अन्वये केंद्र सरकारला शस्त्रांच्या वाहतुकीवर स्वतंत्र परवान्याचे बंधन घालता येते. म्हणून एखाद्या परवानाधारकाने आपली बंदूक मालवाहू गाडीतील घरसामानात बांधून चालकाच्या हवाली करणे आणि स्वतः मागाहून रेल्वेने जाणे ही सोय कायद्याच्या दृष्टीने अत्यंत धोक्याची ठरते. शस्त्र आणि परवानाधारक यांची ताटातूट होता कामा नये, हे या चौकटीचे मर्म आहे.

या तत्त्वाला कलम ३ च्या परंतुकात एक मर्यादित अपवाद दिलेला आहे. परवानाधारकाच्या उपस्थितीत अथवा त्याच्या लेखी अधिकारपत्रान्वये दुसरी व्यक्ती दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या वापरासाठी शस्त्र नेऊ शकते. वृद्ध शेतकऱ्याची बंदूक त्याचा मुलगा नूतनीकरणासाठी तालुक्याला नेतो, तेव्हा त्याच्या खिशात वडिलांच्या सहीचे पत्र आणि मूळ परवाना असणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. केवळ नाते हा अधिकार देत नाही.

३. परवान्याचे वाचन

बहुसंख्य परवानाधारकांनी परवान्यावरील छायाचित्र आणि मुदत यांपलीकडचा मजकूर क्वचितच वाचलेला असतो. प्रवासापूर्वी चार नोंदी पाहणे आवश्यक आहे.

पहिली नोंद मुदतीची. मुदत संपलेल्या परवान्यावर शस्त्र नेणे हे विनापरवाना शस्त्र नेण्यासारखेच आहे. दुसरी नोंद क्षेत्राची. परवाना एखाद्या जिल्ह्यापुरता, राज्यापुरता अथवा संपूर्ण भारतासाठी वैध असू शकतो. महाराष्ट्रापुरता वैध परवाना घेऊन सावंतवाडीहून पणजीकडे निघालेली मोटार राज्याची सीमा ओलांडते, त्या क्षणी परवान्याचे संरक्षण मागे राहते. सीमावर्ती भागात, जेथे बाजारहाट आणि सोयरीक दोन्ही राज्यांत पसरलेली असते, तेथे ही बाब विशेष ध्यानात ठेवावी लागते. तिसरी नोंद शस्त्राच्या वर्णनाची. शस्त्राचा प्रकार, व्यास आणि क्रमांक परवान्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. चौथी नोंद काडतुसांची. एका वेळी किती आणि वर्षभरात किती काडतुसे बाळगता येतील, याची मर्यादा परवान्यावर नमूद असते.

परवान्याला राष्ट्रीय शस्त्र परवाना माहितीसंचातील एकमेव ओळख क्रमांक असणेही आता आवश्यक आहे. कलम १९ अन्वये पोलीस अधिकारी शस्त्र बाळगणाऱ्याकडे परवान्याची मागणी करू शकतो आणि तो दाखविला नाही तर शस्त्र ताब्यात घेऊ शकतो. ‘परवाना घरी आहे’ हे उत्तर त्यामुळे रस्त्यावर उपयोगी पडत नाही.

परवान्याच्या अटीचा भंग झाल्यास कलम ३० अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम १७ अन्वये परवाना निलंबित अथवा रद्द करता येतो. परवानाच नसेल तर परिस्थिती अधिक गंभीर होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधे अग्निशस्त्र वा त्याचा दारूगोळा विनापरवाना बाळगण्यास सर्वसाधारणतः दोन ते पाच वर्षांचा कारावास आणि दंड विहित आहे.

४. वाहनातील ताबा : कोण उत्तरदायी?

मोटार ही एका माणसाची असली तरी तिच्यात चौघे बसतात. शस्त्र मात्र आसनाखाली असते. अशा वेळी ताबा कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दोन अंगांनी दिले आहे.

पहिले अंग न्यायालयीन निर्णयांतून स्पष्ट झालेले आहे. गुणवंतलाल विरुद्ध मध्यप्रदेश राज्य (१९७२) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ताब्यामध्ये जाणिवेचा घटक असला पाहिजे आणि वस्तू प्रत्यक्ष हातात नसली तरी तिच्यावर नियंत्रण असले पाहिजे, हे तत्त्व मांडले. म्हणजे शस्त्र शरीरापासून दूर, मोटारीच्या डिकीत असले तरी ताबा सिद्ध होऊ शकतो. परंतु ज्याला त्याच्या अस्तित्वाची कल्पनाच नाही, त्याचा ताबा ठरत नाही.

दुसरे अंग कलम ३५ मध्ये आहे. ज्या शस्त्राबाबत गुन्हा घडला आहे, असे शस्त्र अनेकांच्या संयुक्त ताब्यातील वा नियंत्रणातील जागेत किंवा वाहनात सापडले आणि त्यांपैकी ज्यांना ते असल्याची माहिती होती असे मानण्यास कारण असेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अशी प्रत्येक व्यक्ती एकट्याने गुन्हा केल्याप्रमाणे उत्तरदायी धरली जाते. सहप्रवाशाचे मौन येथे निरुपद्रवी राहत नाही.

उदाहरणार्थ, एखाद्या अध्यापकाने आपल्या मेव्हण्याची मोटार दोन दिवसांसाठी घेतली आणि तिच्या समोरच्या खणात मेव्हण्याची दोन काडतुसे राहून गेली, असे मानू. मेव्हणा परवानाधारक आहे, अध्यापक नाही. नाकाबंदीत काडतुसे सापडली, तर ‘ती आपली नाहीत’ हे म्हणणे पुरेसे नसून ‘ती तेथे आहेत हे ठाऊक नव्हते’ हा बचावाचा गाभा ठरतो. तो न्यायालयात टिकूही शकतो. विमानतळावर सामानात चुकून राहिलेल्या एखाद्या काडतुसाची अनेक प्रकरणे उच्च न्यायालयांपर्यंत गेली असून जाणिवेच्या अभावामुळे कारवाई रद्द झाल्याची उदाहरणे आहेत. परंतु तेथवर पोहोचण्यापूर्वी चौकशी, गुन्हा नोंद, कदाचित अटक आणि नोकरीतील अडचणी हा मार्ग चालावाच लागतो. वाहन उसने देण्यापूर्वी आणि घेण्यापूर्वी खण, आसनांखालील जागा व डिकी पाहून घेणे हा यावरचा साधा उपाय होय.

वाहनाच्या संदर्भात आणखी चार कलमे ध्यानात घ्यावी लागतात. कलम २३ दंडाधिकारी व पोलीस अधिकारी यांना अधिनियमाचा भंग झाला आहे किंवा काय, हे पाहण्यासाठी वाहन थांबवून झडती घेण्याचा आणि सापडलेल्या शस्त्रांसह वाहन जप्त करण्याचा अधिकार देते. कलम ३२ अन्वये दोषसिद्धीनंतर न्यायालय शस्त्राबरोबर वाहनही सरकारजमा करण्याचा आदेश देऊ शकते. कलम २० याहूनही व्यापक आहे. परवाना असो वा नसो, शस्त्र ज्या रीतीने किंवा ज्या परिस्थितीत नेले जात आहे त्यावरून बेकायदा हेतूचा वाजवी संशय येत असेल, तर वॉरंटाशिवाय अटक होऊ शकते आणि हा अधिकार रेल्वे, वाहन इत्यादींवर काम करणाऱ्या व्यक्तींनाही आहे. कलम ३६ तर अशा कर्मचाऱ्यांवर संशयित शस्त्रांच्या खोक्याची वा गाठोड्याची माहिती जवळच्या पोलीस ठाण्यास देण्याचे कर्तव्य सोपविते. एसटीच्या वाहकाने गुंडाळलेल्या लांबट वस्तूविषयी केलेली पृच्छा हा आगाऊपणा नसून त्यामागे कायद्याने सोपविलेली जबाबदारी असू शकते.

५. शस्त्र वाहनात ठेवण्याची रीत

२०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी अग्निशस्त्र त्यासाठी बनविलेल्या म्यानात अथवा पेटीत, पूर्णतः झाकलेले आणि नेणाऱ्याच्या परिणामकारक नियंत्रणात असले पाहिजे. ते परजणे किंवा झाडणे निषिद्ध आहे. यावरून मोटारीतील दर्शनी भागावर पिस्तूल ठेवणे, खिडकीतून बंदुकीची नळी बाहेर दिसू देणे किंवा वरातीच्या गाडीत ती मिरविणे या गोष्टी किती आक्षेपार्ह आहेत, हे उघड होते. बेदरकारपणे अथवा आनंदोत्सवात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

सुरक्षिततेचे दंडक मात्र कायद्याच्या शब्दांपुढे जातात. त्यांची कारणे शस्त्राच्या रचनेत आहेत. काडतुसाच्या तळाशी असलेल्या संवेदनशील टोपीवर आघात झाला की ती पेटते, तिच्या ज्वालेने आतील दारू जळते आणि निर्माण झालेल्या वायूच्या दाबाने गोळी अथवा छर्रे नळीतून बाहेर पडतात. हा आघात चाप ओढल्यानेच होईल असे नाही. अनेक दोननळी बंदुकांत सुरक्षा खटका केवळ चाप अडवितो, आतील हातोडा अडवीत नाही. त्यामुळे जुनी, झिजलेली बंदूक भरलेल्या अवस्थेत आपटली, तर खटका लावलेला असूनही बार उडू शकतो. घाटातील वळणे, खड्डे आणि एकाएकी लागलेले ब्रेक यांत आपटण्याची शक्यता वाहनात नेहमीचीच असते.

म्हणून प्रवासापूर्वी शस्त्र रिकामे करणे हा पहिला दंडक होय. मॅगझिनच्या पिस्तुलात येथे एक नेहमीची चूक घडते. मॅगझिन काढली की पिस्तूल रिकामे झाले असे मानले जाते; परंतु नळीच्या मागील टोकाशी असलेल्या कोठडीत एक गोळी राहिलेली असू शकते. अगोदर मॅगझिन काढणे, नंतर स्लाइड मागे ओढून कोठडी डोळ्यांनी पाहणे आणि बोटाने चाचपणे, हाच क्रम योग्य आहे. क्रम उलटल्यास मॅगझिनमधील पुढची गोळी कोठडीत चढते. ही सर्व क्रिया घरी, नळी सुरक्षित दिशेला धरून करावी. वाहनतळावर किंवा मोटारीत बसून करू नये. ठासणीची बंदूक भरलेली आहे किंवा नाही हे बाहेरून कळत नसल्याने ती भरून प्रवासाला नेणे सर्वथैव टाळावे आणि टोपी काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असे समजू नये. तिच्या दारूसाठी स्फोटकांविषयीचा कायदाही विचारात घ्यावा लागतो.

दुसरा दंडक म्हणजे शस्त्र आणि काडतुसे वेगळी ठेवणे. शस्त्र कडक कवचाच्या कुलूपबंद पेटीत आणि काडतुसे मूळ खोक्यात, निराळ्या कुलूपबंद डब्यात ठेवल्यास एकाच हातात दोन्ही पडण्याची शक्यता घटते. लहान मुले सोबत असताना हे अनिवार्य मानावे. पेटी डिकीत घट्ट बसवावी. चालकाच्या पायाशी शस्त्र ठेवल्यास ते घसरून पेडलखाली अडकू शकते.

काडतुसे उन्हाने मोटारीत फुटतील, ही भीती मात्र अनाठायी आहे. बंदुकीची धूरविरहित दारू पेटण्यास दीडशे अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. उन्हात उभी केलेली मोटार तेवढी तापत नाही. तथापि दीर्घकाळच्या उष्णतेने दारूचा दर्जा खालावतो आणि पावसाळी दमटपणाने नळी गंजते. आग लागलेल्या वाहनात मोकळे काडतूस फुटले, तरी नळीचा आधार नसल्याने त्याचे आवरण फाटते आणि गोळी दूर जात नाही. तेच काडतूस शस्त्राच्या कोठडीत असेल, तर ते नेहमीच्याच वेगाने सुटते. मदतीला धावलेल्या माणसाच्या दृष्टीने भरलेल्या आणि रिकाम्या शस्त्रातील फरक येथे जीवनमरणाचा ठरतो.

तिसरा दंडक म्हणजे शस्त्र वाहनात सोडून न जाणे. मोटारीची काच फोडणे सोपे असते आणि चोरीस गेलेले शस्त्र थेट गुन्हेगारी व्यवहारात जाते. शस्त्र हरविल्यास वा चोरीस गेल्यास विनाविलंब पोलीस ठाण्यास कळविणे हे परवानाधारकाचे कर्तव्य आहे.

६. मार्गातील निर्बंध

परवान्याचे क्षेत्र आणि प्रवासाचा मार्ग जुळला, तरी मार्गात इतर कायदे आडवे येतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षक अथवा प्राधिकृत अधिकारी यांच्या पूर्वलेखी परवानगीशिवाय कोणत्याही शस्त्रासह अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. राष्ट्रीय उद्यानांनाही हीच मनाई लागू आहे. परतवाड्याहून मेळघाटमार्गे धारणीकडे जाणाऱ्या प्रवाशाला रस्ता सार्वजनिक वाटतो. बंदूक सोबत असेल तर मात्र परवानगी घेणे किंवा मार्ग बदलणे इष्ट ठरते. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांना वन्यजीव अधिकाऱ्यांकडे नोंदणीचीही तरतूद त्याच अधिनियमात आहे.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ अन्वये पोलीस आयुक्त वा जिल्हादंडाधिकारी सण, मोर्चे, परीक्षा अशा प्रसंगी शस्त्रे बाळगण्यास मनाई करणारे आदेश काढतात. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. नियोजित प्रवासाच्या दिवशी असा आदेश लागू आहे काय, याची चौकशी दोन्ही टोकांच्या पोलीस ठाण्यांत करणे शहाणपणाचे ठरते. जमा करण्यासाठी शस्त्र नेतानाही मागणीपत्र व मूळ परवाना जवळ ठेवून, रिकाम्या शस्त्रासह थेट ठाण्यातच जावे.

रेल्वे आणि विमान यांचे नियम स्वतंत्र आहेत. रेल्वे अधिनियम, १९८९ धोकादायक माल पूर्वसूचनेविना नेण्यास प्रतिबंध करतो. विमानात शस्त्र प्रवासी कक्षात नेता येत नाही. ते घोषित करून, रिकाम्या अवस्थेत, तपासणी झालेल्या सामानातून आणि विमानकंपनीच्या संमतीनेच जाते. काडतुसांसाठी प्रतिप्रवासी पाच किलो एकूण वजनाची आंतरराष्ट्रीय मर्यादा असून अनेक प्रवाशांची मर्यादा एकत्र करता येत नाही.

७. शैक्षणिक परिसर

वैयक्तिक परवान्याच्या नमुन्यातील अटींमध्ये जत्रा, धार्मिक मिरवणूक व सार्वजनिक मेळावा यांच्या जोडीने शैक्षणिक संस्थेच्या आवाराचा उल्लेख आहे. विशेष अधिकार दिलेला नसेल, तर परवानाधारकाने या ठिकाणी शस्त्र नेऊ नये, अशी ही अट आहे. अट आवाराला लागू असल्याने शस्त्र इमारतीत नेले नाही, मोटारीतच ठेवले, हा युक्तिवाद फारसा उपयोगाचा नाही. वाहनतळ हाही आवाराचाच भाग आहे. प्रवेशासाठी पाल्याला घेऊन आलेला पालक, संस्थेचा पदाधिकारी, स्नेहसंमेलनाचा पाहुणा किंवा पिस्तूलधारी खाजगी अंगरक्षक यांपैकी कोणीही त्यातून सुटत नाही. प्रवेशद्वारावर या अटीचा फलक लावणे आणि निमंत्रणपत्रात तिचा नम्र उल्लेख करणे संस्थेला सहज शक्य आहे.

दोन प्रसंग वेगळे समजले पाहिजेत. राष्ट्रीय छात्रसेनेच्या छात्रांना त्यांच्या कर्तव्यापुरती कलम ४५ अन्वये अधिनियमातून सूट आहे. मात्र ती सूट छात्रसेनेच्या शस्त्रांपुरती आणि कर्तव्यापुरतीच आहे. ‘कोत’मधून रायफली काढणे, मोजणी, पहारा व परतीची नोंद विभागीय आदेशांप्रमाणेच झाली पाहिजे, त्या कोणा अधिकाऱ्याच्या खाजगी मोटारीतून सोयीने नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दुसरा प्रसंग क्रीडा विभागाचा. ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या आणि वीस ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफल व एअर पिस्तुलांना परवाना लागत नाही. तरीही दुरून त्या खऱ्या शस्त्रासारख्याच दिसतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला संघ पाठविताना शस्त्रे पेटीत बंद ठेवणे, खरेदीची पावती आणि प्राचार्यांचे पत्र संघव्यवस्थापकाजवळ देणे यामुळे रस्त्यावरील गैरसमज टळतात.

८. समारोप

परवाना हा नागरिकावर ठेवलेल्या विश्वासाचा दस्तऐवज आहे. प्रवास ही त्या विश्वासाची कसोटी आहे. वैध परवाना, जुळणारे क्षेत्र, रिकामे शस्त्र, वेगळी काडतुसे, कुलूपबंद पेटी आणि मार्गाची पूर्वचौकशी या सहा गोष्टी पाळणाऱ्यास नाकाबंदीत थांबविले गेले तरी भिण्याचे कारण राहत नाही. पोलिसांनी विचारण्यापूर्वीच हात दिसतील असे ठेवून ‘वाहनात परवान्याचे शस्त्र आहे, ते डिकीत रिकाम्या अवस्थेत आहे’ असे शांतपणे सांगणे आणि पेटीला स्वतःहून हात न लावणे उभयतांच्या हिताचे असते.

शिक्षकांच्या दृष्टीने या विषयाचे प्रयोजन अधिक निकटचे आहे. ज्या विद्यार्थ्यांच्या घरी शेतीसंरक्षणाची बंदूक आहे, त्यांपैकी काहींना उद्या वडिलांचे शस्त्र घेऊन तालुक्याला जावे लागेल. एकवीस वर्षांखालील व्यक्तीला सर्वसाधारणतः अग्निशस्त्र बाळगण्याचा अधिकार नाही, हे त्यांना माहीत नसते. मित्राच्या मोटारीतील शस्त्राविषयी बाळगलेले मौन अंगाशी येऊ शकते, हेही माहीत नसते. नागरिकशास्त्राच्या, विधीच्या किंवा छात्रसेनेच्या एखाद्या तासिकेत या गोष्टी सांगितल्या गेल्या, तर एखाद्या विद्यार्थ्याचे भवितव्य एका अजाण प्रवासापायी पणाला लागण्याचे टळेल.